पाडव्यापर्यंतचा नेम

उन्हाळ्यात पहाटे कुणी पळताना दिसलं, की मी आधी त्याचे ओठ बघते. ओठ पांढरे पडलेले असले तर सरळ आडवी जाते आणि विचारते, "पाणी पिऊन निघालात का?" पोरं बिचकतात. ही कोण बाई चौकशी करणारी, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. माझा जन्म पोलीस खात्यात गेला, त्यामुळं चौकशीची सवय आहेच, पण ही सवय काही खात्यानं लावलेली नाही. ती लातूरच्या आमच्या घरमालकांमुळं लागली. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. आम्हीच काय, सगळी गल्ली अप्पाच म्हणायची.

इतका हट्टी माणूस मी पुढं खात्यातसुद्धा पाहिला नाही, आणि खात्यात हट्टी माणसांची काही वाण नाही.

अप्पा गंजगोलाईजवळचे लिंगायत आडत व्यापारी. मूलबाळ नव्हतं. साठीला टेकल्यावर दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि घरी बसले. 'बसले' हे आपलं म्हणायचं, कारण बसणं त्यांच्या नशिबात नव्हतं. त्यांना नेमाचं वेड होतं. दर पाडव्याला गुढी उभारली, कडुनिंबाचा पाला चावून झाला, की अंगणात उभं राहून ते त्या वर्षाचा नेम जाहीर करायचे. सगळे भाडेकरू ऐकायला हजर पाहिजेत, असा दंडक होता. नेम पुढच्या पाडव्यापर्यंत चालायचा, मग आभाळ कोसळो.

एका वर्षी नेम होता, कुणालाही अरे-तुरे करायचं नाही. त्या वर्षी अप्पा गल्लीतल्या कुत्र्याला "अहो, जरा सरका की" म्हणायचे. एका वर्षी 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नव्हता. ही बातमी गल्लीत फुटली आणि घरातली शिडी, खलबत्ता, छत्री, एवढंच काय झोपाळ्याच्या कड्यासुद्धा मागणाऱ्यांनी नेल्या. निम्म्या वस्तू परत आल्याच नाहीत. दुकान अजून त्यांच्याकडंच होतं तेव्हा एका वर्षी, जेवण आणि पूजा सोडून बसायचं नाही असं ठरवलं. दुकानात गादी रिकामी आणि हे वर्षभर उभे. गिऱ्हाईक संकोचून म्हणायचं, "बसा की अप्पा." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "आमच्यात मेल्यावर बसवूनच पुरत्यात. मग बसायचंच हाय. आताच कशाला घाई?"

हे सगळे नेम वर्षाचे. एक मात्र लहानपणापासूनचा होता. सकाळी अंघोळ, मग गळ्यातल्या लिंगाची पूजा, आणि पूजा झाल्यावर दिवसाचं पहिलं पाणी. त्याआधी थेंब नाही. त्यांची बायको, आमची अव्वा, तीसुद्धा त्यांची पूजा झाल्याशिवाय पाणी प्यायची नाही. ते तिनं कधी जाहीर केलं नव्हतं, त्यामुळं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

लातूर जिल्हा नवा झाला होता. नवी कार्यालयं, नवे साहेब, नव्या पाट्या. माझा दादा त्यातल्याच एका कार्यालयात कारकून म्हणून आला आणि अप्पांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. आम्ही मूळचे नांदेडकडचे, उमरीजवळच्या खेड्यातले. दादाला भाकरी करून घालायला म्हणून मी आले. पण माझ्या मनात दुसरंच होतं. नव्या जिल्ह्याच्या पोलिसांत काही बायका घेणार, अशी जाहिरात निघाली होती. भरती उन्हाळ्याच्या शेवटी. वडिलांनी दादाजवळ निरोप धाडला, "लागली तर लागली. न्हाई लागली तर मृगाच्या आत तिचं लगीन." नवरा ठरलेलाच होता, किनवटकडचा एक बिजवर. मी त्याला एकदा पाहिलं होतं. त्याच्याविषयी मला काही बोलायचं नाही. मला ते लग्न नको होतं, एवढं पुरे.

भरतीत पळायचं होतं. मला पळता येत नव्हतं. शेतात बैलामागं चार पावलं धावले असेन तेवढीच. आणि त्या काळी लातूरच्या रस्त्यावर एकोणीस वर्षांची पोरगी पळताना दिसली असती, तर लोकांनी आधी तिच्या मागं कोण लागलंय ते पाहिलं असतं आणि मग तिच्या घरी निरोप धाडला असता. म्हणून मी वर माळवदावर पळायला लागले. आमच्या घरांवर ते मातीचं सपाट छत असतं ना, ते. सगळे झोपेत असताना मी तिथं गोल गोल फिरायचे. दोनतीन दिवस बरे गेले. मग एका सकाळी खाली अव्वाच्या परातीत, मळलेल्या पिठावर, वरून ढेकूळ पडलं.

अप्पा जिन्यानं वर आले.

"कोन नाचायलंय हितं?"

"नाचत न्हाई अप्पा, पळायलेय."

"कुनाच्या मागं?"

मी सगळं सांगितलं. भरतीचं, लग्नाचं, रस्त्याचं. ते माझ्याकडं न बघता माळवदाला पडलेल्या भेगा बघत होते.

"माझं घर पाडशील. आन् गोल गोल पळून मानूस पोलीस होत नसतो, घान्याचा बैल होतो. रस्त्यावर पळ."

"रस्त्यावर? लोक काय म्हनतील?"

"काय म्हनायचं ते मला म्हनतील," असं म्हणून ते खाली गेले. मला काही अर्थ लागला नाही.

अर्थ लागला तो पाडव्याला. गुढीसमोर उभं राहून अप्पांनी घसा साफ केला. "औंदाचा नेम. रोज पळायचं. पुढल्या पाडव्यापतुर." भाडेकरू एकमेकांकडं बघायला लागले. अव्वा गुढीला साखरेची माळ घालत होती. ती वळलीसुद्धा नाही. "साठी उलटली," ती म्हणाली. "रस्त्यावर हाडं सांडली तर गोळा कराया मला बोलवू नका."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. अप्पांनी धोतराचा कासोटा घट्ट मारलेला, अंगात बंडी, डोक्याला पटका, आणि पायांत कॅनव्हासचे कोरे करकरीत पांढरे बूट. लिंगाची चांदीची डबी पळताना छातीवर उडायची, म्हणून ती डाव्या मुठीत गच्च धरलेली. एकच हात हलवत पळणारा तो माणूस पाहून हसू येणार नाही असा लातुरात कुणी नव्हता. ते पुढं, मी मागं. त्यात बदल नाही.

"तू माझ्या मागं ऱ्हा. म्हातारं म्होरं पळायलंय म्हनल्यावर पोरीकडं कोन बगतंय?"

आणि तसंच झालं. चहाच्या हॉटेलापुढं बसलेली माणसं ओरडायची, "अप्पा, कुत्रं लागलं का मागं?" अप्पा पळतच म्हणायचे, "न्हाई, वय लागलंय!" रस्त्यात गर्दी असली की, "बाजूला व्हा, सरकारी काम हाय!" नवा जिल्हा झाल्यापासून लोकांना सरकारी कामाची इतकी धास्ती बसली होती की माणसं खरंच बाजूला व्हायची. लोक हसून हसून बेजार. त्यांच्या नातेवाइकांनी घरी येऊन समजूत घातली, इज्जत जायली म्हणाले. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पटका काढून लाल रुमाल बांधला, लांबून नीट दिसावा म्हणून. त्यांच्यामागं सलवार-कमीज घातलेली एक पोरगी पळते आहे, हे किती जणांनी नीट पाहिलं असेल मला शंका आहे. माझ्यासाठी आजवर पुष्कळ जणांनी पुष्कळ केलं, पण माझ्या वाट्याचं हसू स्वतःवर घेणारा तो एकच माणूस.

पळण्यातलं त्यांना काडीचं कळत नव्हतं. औशाच्या रस्त्याला नव्या जिल्ह्यासाठी विजेचे नवे खांब रोवले होते, अजून तारा यायच्या होत्या. अप्पांनी ठरवलं, एक खांब पळायचं, एक खांब चालायचं. पहिल्या खांबालाच माझ्या बरगडीखाली असं दुखायला लागलं की मी रस्त्यावर वाकून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी ओकले. पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या. संडासला बसायची पंचाईत. मी म्हटलं, "अप्पा, आज ऱ्हाऊ द्या." ते दारात बूट घालून उभे. "ऱ्हाऊ द्यायला मी काय तुझ्यासाटी पळायलोय? माझा नेम हाय. तुला यायचं तर ये." मग जाणं भाग पडायचं.

त्यांची दुसरी अट अशी की पळताना बोलत राहायचं. बोलता येईना म्हणजे जास्त जोरात पळायलीस, असा त्यांचा सिद्धांत. खरं कारण वेगळंच होतं, त्यांना गप्प राहवत नव्हतं.

"काल काय केलतं जेवाया?"

"पिठलं."

"पातळ का घट्ट?"

"घट्ट."

"बराबर हाय. पातळ कराया पानी कुठाय?"

ते सालच तसं होतं. आदल्या पावसाळ्यानं दगा दिला होता, त्याच्या आदल्यानंही काही उजेड पाडला नव्हता. चैत्र संपता संपता घरातल्या आडाचा तळ दिसला. औशाच्या रस्त्याकडेला मेलेलं जनावर दिसणं नवं राहिलं नाही. आम्ही नाकाला ओढणी-रुमाल लावून ती जागा ओलांडायचो आणि अप्पासुद्धा तेवढ्यापुरते गप्प व्हायचे. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा. त्याच्यासाठी पहाटेपासून घागरींची रांग लागायची आणि रांगेशेजारी बायका बसून असायच्या. आमचं पळणं त्यांच्यासमोरून जायचं.

एका सकाळी हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी राहिली आणि मोठ्यानं बोलली. "आमी पान्यासाटी मरायलोत, आन् हिला घाम गाळायचं सुचतंय! एवढा घाम गाळून वर कुनाच्या वाट्याचं पानी पितेस गं?"

माझे पाय जागीच थांबले. बाईचं काही चुकत नव्हतं. आमच्या घरी पाणी पाणक्या आणून टाकायचा, ते कुठून आणतो हे मी कधी विचारलं नव्हतं. अप्पाही थांबले. मला वाटलं आता भांडण. त्यांनी मूठ न सोडता हात जोडले.

"बाई, खरं हाय तुमचं."

दुसऱ्या दिवशी ते दोन घागरी घेऊन दारात उभे. एक माझ्या हातात दिली. पाणक्याला त्यांनी आदल्या दिवशीच नको म्हणून सांगितलं होतं. जाताना घागरी रांगेत ठेवायच्या, पळून यायचं, मग रांगेत उभं राहून आपल्या वाट्याचं पाणी आपण आणायचं. खांद्यावर घागर घेऊन पळत येणारा म्हातारा बघून बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हिरव्या लुगड्यातली तेवढी हसली नाही. आठवडाभरानं मात्र आम्ही परत आलो तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या घागरी म्होरं सरकवल्या बगा, अप्पा."

मला पळता यायला लागलं होतं. दोन खांब, मग तीन. एक दिवस अप्पा बोलत राहिले, मी उत्तरं देत राहिले, आणि औशाच्या रस्त्यावरची कापसाची जिनिंग गिरणी कधी मागं पडली ते कळलं नाही. मी ओरडले, "अप्पा, चालायचं राहिलं!" ते म्हणाले, "गप. नजर लागंल." त्या दिवशी ते पहिल्यांदा खूश दिसले. घरी येऊन अव्वाला सांगत होते, "लागती बग ही. ह्या पोरीचं लगीन मोडतंय." लग्न मोडण्याच्या आशेनं एवढा आनंदलेला म्हातारा दुसरा झाला नसेल.

वैशाख आला तसा टँकर मागं मागं सरकत गेला. आधी सकाळी यायचा, मग उन्हं चढल्यावर, मग दुपारी. ज्या विहिरीवर तो भरायचा तीच आटत चालली होती, तर कुणाला दोष देणार? टँकर सरकला तशी अप्पांची अंघोळ सरकली. अंघोळ सरकली तशी पूजा सरकली. आणि पूजा सरकली म्हणजे पाणी सरकलं. पळून आलेला माणूस दुपारपर्यंत कोरड्या तोंडानं ओसरीवर फेऱ्या मारायचा.

घरात पाणी नव्हतं असं नाही. प्यायच्या पाण्याचा माठ फडक्यानं झाकलेला असायचा. मी पळून आले की अप्पा स्वतः त्यातून तांब्या भरून माझ्या हातात द्यायचे. "पी. सगळं पी." मी म्हणायचे, "तुमी?" "माझी पूजा व्हायची हाय."

एकदा अव्वानं माठातलं तांब्याभर पाणी परातीत ओतलं आणि म्हणाली, "ह्याच्यात पंचा भिजवून अंग पुसून घ्या. पूजा करा. घोटभर प्या." अप्पा म्हणाले, "पुसनं म्हंजे अंघोळ न्हवं. आन् लोकांला प्याया न्हाई, मी प्यायचं पानी अंगावर घेऊ?" प्यायचं पाणी अंघोळीला वापरायचं नाही आणि अंघोळीशिवाय पाणी प्यायचं नाही. यातून माणसानं वाट कुठून काढायची? मी त्यांना तसं तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "टँकर येतो की. रोज येतो."

एक दिवस तो आला नाही.

सकाळी नाही, दुपारी नाही. संध्याकाळी बायकांनी रिकाम्या घागरी तशाच रांगेत ठेवल्या, वर ओळखीचे दगड ठेवले आणि त्या घरी गेल्या. अप्पांनी आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. दिवे लागल्यावर अव्वानं मठातल्या अय्यांना बोलावणं धाडलं. अय्या म्हणजे त्यांच्याकडचे पूजा सांगणारे, वयानं अप्पांहून मोठे. ते काठी टेकत आले आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"अप्पा, इभूत लावा. इभूत लावली की अंघोळ झाली. शास्त्रात हाय तसं. पूजा करा आन् पानी प्या."

"अय्या, अडचनीतल्या मानसासाटी हाय ते शास्त्र."

"मग तुमी काय चैनीत हाव?"

अप्पा हसले. ओठ फुटलेले होते, हसताना त्यातून रक्त आलं. "मी पोरीला रोज सांगायलो, नेम म्हंजे नेम. पाय दुकत्यात म्हनली तरी सोडलं न्हाई तिला. आन् मीच सवलत घेऊ? भरती चार दिसांवर आली तिची."

मी काही बोलले नाही असं नाही. हात जोडले, रडले, उद्या मी पळायला येतच नाही म्हणाले. ते म्हणाले, "नको येऊ. मी जानार." दादानं मला गप्प केलं. अय्या उठून गेले. अप्पांचा मला तेव्हा राग आला होता, आणि इतकी वर्षं झाली, तो गेलेला नाही. माणसावर जीव असला की राग मरत नाही, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

पहाटे मी उठले ते त्यांना अडवायला. ते बूट घालून निघालेसुद्धा होते. मग मीही मागं निघाले. घागरी आदल्या दिवसापासून रांगेतच होत्या. रांगेपाशी एकदोन बायका मुटकुळं करून झोपलेल्या. आज कुणी काही विचारलं नाही.

जिनिंगपर्यंत मला काही कळलं नाही. मग ध्यानात आलं की बराच वेळ आमच्यात कुणी बोललेलं नाही. काल काय केलं, पातळ का घट्ट, काही नाही. मी म्हटलं, "अप्पा, काल आमी वरन केलतं." उत्तर नाही. मी वेग वाढवून त्यांच्या बरोबरीला आले. त्यांच्या कपाळावर घाम नव्हता. इतकं पळून बंडी कोरडी होती. डोळे समोरच्या खांबावर लावलेले.

"अप्पा, थांबा. बास."

ते चालायला लागले. मूठ छातीशीच होती. आवाज कुठून तरी आतून आला. "तू म्होरं हो. मी येतो."

सगळ्या उन्हाळ्यात ते मला पहिल्यांदा म्होरं हो म्हणाले होते. मी दोन पावलं गेले आणि वळले. ते खांबाला टेकून बसले होते. मांडी घालून, पाठ ताठ.

मी चहाच्या हॉटेलकडं धावले, तशी मी भरतीतसुद्धा धावले नसेन. रोज कुत्रं लागलं का म्हणून ओरडणारेच लोक पाणी घेऊन धावत आले. मी तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. पाणी ओठांवरून हनुवटीवर आणि तिथून बंडीवर आलं. त्यांना गिळता आलं नाही की त्यांनी गिळलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही. त्याच लोकांनी त्यांना बैलगाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी खटपट केली. दुपार व्हायच्या आत अप्पा गेले.

त्यांना घरी आणलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता. आमच्या दोन्ही घागरी भरून दारात ठेवलेल्या होत्या. हिरव्या लुगड्यातल्या बाईनं आणून ठेवल्या होत्या. अप्पांची अंघोळ त्या पाण्यानं झाली. मग त्यांना बसवलं, हातात लिंग दिलं, आणि बसवूनच नेलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन वाक्यं फिरत होती. एक, अप्पा देवमाणूस. दुसरं, पोरीनं म्हाताऱ्याला पळवून पळवून मारलं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? दादा खाली मान घालून आला आणि म्हणाला, "सामान बांध. उद्या उमरीची गाडी धरू. ह्या गल्लीत आता तुला पळता येनार न्हाई, आन् येकटीला मी सोडनार न्हाई." तो वाईट नव्हता. घाबरला होता. मी ट्रंकेत कपडे भरले. किनवटच्या त्या माणसाचं तोंड मला आठवायला लागलं.

उजाडायच्या वेळी दाराची कडी वाजली. दादानं दार उघडलं. बाहेर अव्वा.

तिच्या पायांत अप्पांचे पांढरे बूट होते. मोठे होत होते, म्हणून आत चिंध्या कोंबल्या होत्या. बोटं दिसत नव्हती, पण घोट्याशी चिंधीचं टोक लोंबत होतं. हातात भरलेला तांब्या.

"चल," ती मला म्हणाली.

दादा म्हणाला, "अव्वा, कालच तर... सुतकात असं बरं दिसतं का?"

"आमच्यात सुतक नसतं," अव्वा म्हणाली. मग त्याच्याकडं दुर्लक्ष करून तिनं तांब्या माझ्यापुढं केला. "आधी पानी पी."

मी अर्धा तांब्या प्याले. बाकीचा तिनं घेतला. तिची अंघोळ झालेली नव्हती, पूजा झालेली नव्हती. चाळीस वर्षं नवऱ्याच्या आधी जिनं पाण्याला तोंड लावलं नव्हतं, ती उंबऱ्यात उभी राहून तो तांब्या तोंडाला लावून गटागटा प्याली. पाणी गळ्यावरून खाली लुगड्यावर सांडलं. तेव्हा मला एकदम कळलं की अप्पांबरोबर तीही तेवढाच वेळ तहानलेली होती. टँकर आला नाही त्या सगळ्या दिवसात, अय्या आले तेव्हा, अप्पांना नेलं तोवर. तिला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तिनं तांब्या पालथा करून उंबऱ्यावर ठेवला. "अय्या सांगून थकले," ती म्हणाली. "मी सांगून थकले. देवानं कवा म्हनलं होतं, मरा म्हनून?" आणि ती रडली. मी तिला धरलं, तर तिनं हात झटकला आणि चालायला लागली.

ती पळू शकत नव्हती. ती माझ्यापुढं भराभर चालत होती, बूट फटफट वाजत होते. टँकरच्या रांगेपाशी आलो तेव्हा बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही. रस्त्यात एक घागर आडवी होती ती हिरव्या लुगड्यातल्या बाईनं उचलून बाजूला घेतली. चहाच्या हॉटेलासमोरच्या माणसांनी माना खाली घातल्या. पहिल्या खांबापाशी अव्वा थांबली आणि खांबाला हात टेकून मला म्हणाली, "जा. मी हितं हाय." मी गेले. जिनिंगच्या पुढं गेले, अप्पा जिथं बसले होते त्या खांबाच्या पुढं गेले आणि परत आले. ती तिथंच उभी होती, बसली नव्हती.

उमरीच्या गाडीचं दादानं परत नाव काढलं नाही. भरतीच्या दिवशी मैदानावर माझ्यापुढं कुणी नव्हतं, म्हणजे मी पहिली होते असं नाही. बऱ्याच पोरी माझ्यापुढं होत्या. पण ज्या पाठीकडं बघत मी उन्हाळाभर पळाले, ती पाठ नव्हती. कुंपणाबाहेर माणसं उभी राहून पोरींचं पळणं बघत होती, हसत होती. या खेपेला ते हसू सरळ माझ्यावर आलं. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत पळाले, पातळ का घट्ट, पातळ का घट्ट. दम पुरला.

मी लागले. घरी आले तेव्हा अव्वा ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी पाया पडले आणि म्हटलं, "अव्वा, झालं." तिनं सूप खाली ठेवलं नाही. लागलीस का, असंही विचारलं नाही.

"पानी पिऊन पळालीस ना?"

"हाव, अव्वा."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि परत खडे वेचायला लागली.

मी ट्रेनिंगला गेले. किनवटच्या त्या माणसाचं लग्न दुसरीकडं झालं. पुढच्या पाडव्याला रजा काढून लातूरला आले, तर अव्वा सकाळीच औशाच्या रस्त्यावरून परत येत होती. बुटांचे तळ झिजले होते. अप्पांचा नेम तिनं पाडव्यापर्यंत पुरा केला होता, रोज चालून, आणि रोज आधी पाणी पिऊन. त्या दिवशी तिनं बूट काढले, धुतले आणि गुढीशेजारी उन्हात ठेवले. नवा नेम कुणी जाहीर केला नाही.